चार लाखांचा कॅमेरा आणि दारातली निवटी

पत्र

ताई, मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. वय चोवीस, बी.एस्सी. झूलॉजी झालंय. बाबांची हापूसची थोडी कलमं आहेत. आई पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करते, कासवांच्या दिवसांत घर भरलेलं असतं. मी एका रिसॉर्टसाठी रील्स बनवते. गेल्या सीझनला मुंबईची एक टीम कासवांवर फिल्म करायला आली होती. तीन दिवस मी त्यांच्याबरोबर फिरले. ट्रायपॉड उचलला, कासवमित्रांशी (कासवांची घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांशी) गाठ घालून दिली, कुठे कधी जायचं ते सांगितलं. दिवसाचे दीड हजार मिळाले. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही, मला वन्यजीवांच्या डॉक्युमेंटरीच करायच्या आहेत. आईचं सोनं तारण ठेवून पतसंस्था चार लाख द्यायला तयार आहे. कॅमेरा आणि मोठी लेन्स घेऊ का? की आधी पुण्या-मुंबईला कोर्स करू? बाबा म्हणतात, ह्यात पोट भरत नाही आणि मुलीने रात्री-अपरात्री पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूत फिरणं बरं दिसत नाही.

आणखी एक. त्या टीमने पाण्यापर्यंत पोचलेली पिल्लं शॉटसाठी उचलून परत वर आणून ठेवली. दोनदा. मला आवडलं नाही, पण मी बोलले नाही. तेच लोक मार्चमध्ये परत येणार आहेत आणि मला बोलावलंय. जाऊ का?

– खाडीकाठची

उत्तर

कर्ज काढू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील.

चार लाखांत काय काय बसतं ते बघ. एक बरी बॉडी आणि एक लांब पल्ल्याची झूम लेन्स घेतलीस की पैसे संपले. पण लांब लेन्सला लग्नातला हलका ट्रायपॉड चालत नाही. वाऱ्याची झुळूक आली तरी चित्र थरथरतं, म्हणून फ्लुइड हेडवाला (कॅमेरा झटका न देता वळवणारा) जड ट्रायपॉड लागतो. आवाजासाठी माइक, त्यावर ते केसाळ कव्हर (आपल्याकडे वारा थांबतो कधी?), जादा बॅटऱ्या, कार्डं आणि सगळं फुटेज दोन ठिकाणी ठेवायला दोन हार्डडिस्क. हे झालं घेण्याचं. ठेवायचं कुठे? जून लागला की आपल्या घरातल्या चामडी चपलांना बुरशी धरते, ती लेन्सच्या काचेलाही धरते. ड्राय कॅबिनेट नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, आणि ते जेल वेळच्या वेळी तापवून सुकवायचं. पुळणीवरून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसायची, नाहीतर खार बटणांच्या फटीत जाऊन बसतो. आणि इतकं सांभाळूनही तीन-चार वर्षांत बाजारात नवं मॉडेल येतं, तुझ्या कॅमेऱ्याची किंमत निम्म्यावर येते. सोनं निदान तसं करत नाही.

पतसंस्थेचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होईल. वन्यजीवांच्या फिल्मचे पैसे, आले तर, दीड-दोन वर्षांनी येतात. हा हिशोब मी कसाही मांडला तरी जुळत नाही. कॅमेरा अंधेरीत दिवसाच्या भाड्याने मिळतो, लेन्सही मिळते. नेमकं काय होणार आहे आणि कुठल्या दिवशी, हे ज्याला ठाऊक आहे त्याला चार दिवसांचं भाडं पुरतं. ज्याला ठाऊक नाही तो स्वतःचा कॅमेरा घेऊन महिनाभर बसला तरी सूर्यास्तच घेऊन येतो.

त्या तीन दिवसांकडे जरा पुन्हा बघ. दिवसाचे दीड हजार तुला जणू ट्रायपॉड उचलण्याचेच मिळाले. ट्रायपॉड उचलायला त्यांना कोणीही मिळालं असतं. तुझ्याकडून त्यांनी घेतलं ते वेगळंच. कोणत्या कासवमित्राला सकाळी किती वाजता गाठायचं, भरतीच्या आधी पऱ्ह्या (ओढा) कुठून ओलांडता येतो, हॅचरीतल्या (अंडी पुरून राखायच्या कुंपणातल्या) पाट्यांवरच्या तारखा वाचून पुढची पिल्लं कुठल्या घरट्यातून येतील. अंडी पुरल्यापासून साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस, हे पुस्तकातही सापडतं. पण ‘ह्या वर्षी थंडी लांबल्यामुळे आमच्याकडे पिल्लांना उशीर होतोय’, हे तिथे रोज जाणाऱ्यालाच सांगता येतं. ह्या कामाला धंद्यात फील्ड रिसर्च म्हणतात, ते करणाऱ्याला फिक्सर म्हणतात, आणि त्याचा दर हमालीचा नसतो. तू हमालीच्या दरात विकलंस. पहिल्या खेपेला सगळेच विकतात.

पडद्यावर जे दिसतं त्यात कॅमेरा डोळ्याला लावलेला वेळ फार थोडा असतो. बाकी सगळा वेळ वाट बघण्यात, कागदपत्रांत आणि संगणकापुढे जातो. कागदपत्रं म्हणजे काय ते आत्ताच कळलेलं बरं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात चित्रीकरण करायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. उद्या मालवणच्या सागरी अभयारण्यात किंवा रायगडातल्या फणसाडला शेकरू टिपायला जाशील तेव्हा हे करावंच लागेल. तुझी पुळण अभयारण्यात येत नाही, पण तिथे येणारं ऑलिव्ह रिडले कासव त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, तेव्हा परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांचं पत्र हातात हवं आणि ग्रामपंचायतीच्या कानावर घातलेलं हवं. ड्रोन उडवायचा तर २०२१ चे ड्रोन नियम आणखी वेगळे. मग चित्रीकरण होतं, आणि त्यानंतर लॉगिंग. प्रत्येक क्लिपमध्ये काय आहे, कुठल्या वेळचं आहे, वापरण्याजोगं किती, हे बसून लिहायचं. बाहेर पाऊस कोसळत असतो, वीज जाते-येते आणि तू ‘खंड्या, फांदीवर, फोकस गेलेला’ असं लिहीत असतेस. हे वाचून उत्साह मावळला तर ते आजच मावळलेलं बरं. नाही मावळला तर पुढे वाच.

मी तुला एक काम देते. त्याला कर्ज लागत नाही, परवानगीसाठी नागपूरला लिहावं लागत नाही आणि रात्री बाहेर पडावं लागत नाही. निवटीवर, खाडीच्या चिखलात चालणाऱ्या त्या माशावर, फिल्म कर.

हसू नकोस. तुमच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडला की तिवरांच्या मुळांजवळ निवट्या सरपटतात, त्या तू लहानपणापासून बघतेयस. त्यांचं कालवणही खाल्लं असशील. पण कधी पोटावर पडून तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून बघितलंयस? मासा असून ती पुढच्या परांच्या कोपरांवर चालते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून घेते आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते, म्हणूनच अंग सुकू नये म्हणून मधूनमधून डबक्यात लोळते. डोळे डोक्यावर, बेडकासारखे उंच. ते सुकायला लागले की खोबणीत आत ओढून ओले करते, डोळा मिचकावल्यासारखं दिसतं. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर ताठ उभा राहतो, तोंडं वासतात, ढकलाढकली होते. मादीचं लक्ष वेधायला नर चिखलावरून उंच उड्या मारतो. एवढं नाट्य तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर रोज घडतंय आणि सगळे कॅमेरे मात्र वर्षानुवर्षं कासवांच्या पिल्लांच्या टोपल्यांभोवती गर्दी करून उभे आहेत.

काम असं कर. ओहोटी लागली की चिखलाच्या कडेला एक फळी टाक, वर ताडपत्री, आणि आडवी पड. तू पोचशील तेव्हा सगळ्या निवट्या बिळांत गेलेल्या असतील. हलू नकोस. अर्ध्या तासात एखादी डोकं काढेल, मग दुसरी. जवळचं जुनं कॅमेरा-लेन्स जे असेल ते चालेल, नाहीतर मोबाइल छोट्या ट्रायपॉडवर बिळापासून हातभर अंतरावर लावून ठेव आणि तू लांब हो. शॉट दहा सेकंदांच्या आत तोडू नकोस, शॉट चालू असताना झूम करू नकोस. रील्सची सवय इथे आड येईल, कारण तिथे तू तीन सेकंदांत माणसाला अडकवायला शिकलीयस आणि इथे तुला एका प्राण्याला त्याच्या वेगाने वागू द्यायचंय. एकाच कृतीचा लांबून, मधून, जवळून असा शॉट मिळव. निवटीने उडी मारली तर तो एक शॉट झाला. उडीआधीचं थबकणं, चिखलात उमटलेला ठसा आणि वळून बघणारी दुसरी निवटी मिळाली की सिक्वेन्स होतो. आणि आवाज वेगळा घे. चिखल वाळताना बुडबुडे फुटल्यासारखा जो चटचट आवाज येतो तो तुझ्या प्रेक्षकांनी कधी ऐकलेला नसेल.

वेळेसाठी तुला ॲपची गरज नाही. आजोबा सांगतील, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ढोबळ आहे, पण सहा तासांनी ओहोटी कधी असेल ते त्यावरून कळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चिखल लांबवर उघडा पडतो, अष्टमीच्या भांगाला (लहान भरती-ओहोटीला) थोडाच. महिनाभर ह्याची वही ठेव. कुठल्या तिथीला, कुठल्या उन्हात, निवट्या किती बाहेर, काय करत होत्या. हीच वही पुढे कोणत्याही निर्मात्यापुढे ठेवायची तुझी पुंजी आहे.

आणि तुमच्याकडच्या ज्या बायका चिखलात हात घालून निवट्या काढतात, त्यांना विसरू नकोस. कोणतं बीळ जितं आणि कोणतं सोडलेलं, हे त्या वरून बघून सांगतात. त्यांचं बोलणं त्यांच्याच बोलीत राहू दे. निवेदनात ‘निसर्गाची अगाध किमया’ आली की मी आवाज बंद करते, इतरही करत असावेत. दहा-बारा मिनिटांची फिल्म होईल. पुण्याच्या किर्लोस्कर वसुंधरासारख्या पर्यावरणपटांच्या महोत्सवांना ती पाठवता येईल, मुंबईच्या मिफ ह्या माहितीपटांच्या महोत्सवाला पाठवता येईल. निवडली गेली नाही तरी तुझ्याजवळ दाखवायला काहीतरी पूर्ण झालेलं असेल. ह्या धंद्यात ‘मला करायचंय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. शेवटपर्यंत केलेलं दाखवणारे थोडे.

किनाऱ्यावर राहणाऱ्याच्या हाती काय लागू शकतं, त्याचं एक उदाहरण सांगते. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावर! अशी बातमी मुंबईत पोचेपर्यंत मादी केव्हाच समुद्रात परतलेली असते. २०२२ च्या जानेवारीत भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानने वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या मादीला उपग्रह टॅग लावला, मग आंजर्ले-गुहागरला आणखी माद्यांना. ती कामं मंडणगड-दापोली-गुहागरच्या पट्ट्यातच झाली. अशा संशोधकांना चांगलं चित्रीकरण करणारा, स्थानिक आणि आडवा न येणारा माणूस नेहमी हवा असतो. मुंबईला राहायला गेलीस तर तू तिथल्या हजारांतली एक होशील आणि इथे तुझी जागा रिकामी राहील.

कोर्सबद्दल मग फार सांगायला उरत नाही. पुण्याच्या एफटीआयआय ह्या फिल्म संस्थेचे थोड्या दिवसांचे वर्ग असतात, जमलं तर एडिटिंगचा किंवा ध्वनिमुद्रणाचा कर. कॅमेऱ्याचा सगळेच करतात. मुंबईच्या बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) निसर्ग अभ्यासाचे वर्गही बघ. दोन-तीन वर्षांचा महागडा खासगी डिप्लोमा मात्र सोने तारण ठेवून करू नकोस, त्यातून बाहेर पडल्यावरही पहिलं काम हेच असतं, कोणाचा तरी ट्रायपॉड उचलणं.

आता पिल्लांचं. तुला आवडलं नाही, ते बरोबरच होतं. पिल्लू वाळूतून वर येतं तेव्हा त्याच्या पोटात अंड्यातल्या बलकाची शिदोरी असते. तेवढ्यावर त्याला पुळण ओलांडायची, लाटा फोडायच्या आणि पुढे दिवसभर जवळजवळ न थांबता पोहत किनाऱ्यापासून लांब जायचं असतं. ते एकदा पाण्याला लागल्यावर उचलून परत वर ठेवणं म्हणजे त्या शिदोरीतलं आपण खाणं. दोनदा केलं तर दुप्पट. कासवमित्र पिल्लं थेट पाण्यात न सोडता थोडी वर सोडतात ती त्यांनी वाळूवरून एकदा चालावं म्हणून, कॅमेऱ्यासाठी नव्हे. शिवाय पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला परवानगीशिवाय असं हाताळणं कायद्यातही बसत नाही.

आणि गंमत अशी की त्याची गरजच नव्हती. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केलं, तेव्हापासून आता किनारपट्टीवर कितीतरी हॅचऱ्या झाल्या. सीझनमध्ये सकाळ-संध्याकाळ घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलल्या जातात. आज लांबचा शॉट घे, उद्या वाळूवर कॅमेरा टेकवून समोरून घे, परवा लाटेजवळचा. पिल्लं वेगळी असतील, पण वागणं खरं असेल, आणि संकलनात ते जोडणं ह्या धंद्यात सगळ्यांना मान्य आहे. तीन दिवसांचं काम एका संध्याकाळी उरकायचं असतं, म्हणून पिल्लू उचललं जातं. कारण बहुतेक वेळा हॉटेलचं बिल असतं, दुष्टपणा क्वचितच.

बोलायचं कसं, हेही सांगते, कारण भर शूटिंगमध्ये चोवीस वर्षांच्या मुलीने दिग्दर्शकाला थांबवणं सोपं नाही. वाद घालू नकोस. ‘सर, हे वनखात्याला चालत नाही, कासवमित्र उद्यापासून आत येऊ देणार नाहीत’ एवढं म्हण. खरंच आहे ते. आणि लगेच पुढे, ‘उद्या सकाळी दोन घरटी अपेक्षित आहेत, मी तुम्हाला खालच्या बाजूने जागा धरून देते.’ नकाराबरोबर दुसरा शॉट हातात ठेवलास की सहसा कोणी भांडत नाही.

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रात्री एकटीने पुळणीवर जायचं नाही, पण ते मुलगी म्हणून नव्हे. ह्या कामात पुरुषही एकटे जात नाहीत. गस्तीला जाणाऱ्या कासवमित्रांबरोबर जा, लाल उजेडाची बॅटरी घेऊन, मादी अंडी घालायला लागेपर्यंत मागे थांबून. बरं दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न एक दिवस बाबांनाच गस्तीला घेऊन गेलीस तर बराच सुटेल. लोकांना सांगायला त्यांच्याकडेच गोष्ट होईल.

पोट भरण्याबद्दल मात्र गोड बोलणार नाही. नुसत्या वन्यजीवांच्या फिल्मवर घर चालवणारे आपल्याकडे थोडे आहेत. बाकीच्यांचं उत्पन्न चार ठिकाणांहून येतं. बाहेरून येणाऱ्या टीमसाठी फील्डचं काम, संस्था आणि वनखात्यासाठी छोट्या माहितीफिल्म, स्टॉक फुटेज (कोणालाही विकत घेता येतील अशा सुट्या क्लिप), आणि हो, लग्नं. लग्नाच्या शूटिंगला नाक मुरडू नकोस. वरात किंवा शिमग्यातली पालखी नाचताना अंधारात, गर्दीत, धावत फोकस धरायला जमला तर उडत्या सागरी गरुडाचाही जमेल. मे महिन्यात लग्नं आणि आंबे, पावसाळ्यात संकलन, नोव्हेंबरपासून कासवं, असं वर्ष बसवता येतं. रिसॉर्टचं काम सोडू नकोस. वर्षभराच्या जमाखर्चाची वही बाबांपुढे ठेव, ते बागायतदार आहेत, एखादं वर्ष तोट्याचं जातं हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मार्चमध्ये जा. पण ह्या वेळी आधी ई-मेलवर चार गोष्टी लिहून घे. तुझा हुद्दा फील्ड असिस्टंट किंवा फील्ड रिसर्चर, हेल्पर नव्हे. त्याप्रमाणे दिवसाचा दर, आणि येण्याआधी तू फोनवर जी माहिती काढून देशील तेही दिवस धरून. फिल्मच्या शेवटी नाव. आणि पिल्लांना, अंड्यांना, मादीला कोणी हात लावणार नाही. ती अट तू घातलीस असं वाटायला नको असेल तर ‘वनखात्याच्या अटींप्रमाणे’ असं लिही. मान्य नसेल तर ते दुसरं कोणी शोधतील, शोधू देत. मान्य झालं तर निम्मे पैसे आगाऊ घे आणि उरलेले त्यांच्या हार्डडिस्क गाडीत चढायच्या आधी.